खुंटीवरचा बिल्ला

आमच्या तालुक्याच्या गावी 'एक्स-रे' फारसं कुणी म्हणत नाही. 'फोटो काढायचाय' म्हणतात. पाय मुरगळला, फोटो काढा. खोकला जाईना, छातीचा फोटो काढा. त्यामुळे एक्स-रे टेक्निशियन म्हणून नोकरी करता करता मी गावाची 'फोटोवाली ताई' झाले, मग 'फोटोवाल्या काकू', आणि २०२३ मध्ये निवृत्त झाल्यावर तर चार-दोन जण 'आजी'सुद्धा म्हणू लागलेत. एखाद्या लग्नात नवीन माणूस विचारतो, "लग्नाचेही फोटो काढता का हो?" तेव्हा आम्ही पोट धरून हसतो.

ही झाली गंमत. पण आज सांगायचंय ते जरा वेगळं आहे.

२०२४ ची दिवाळी आठवड्यावर आली होती. माळ्यावरचे फराळाचे डबे काढायला मी स्टुलावर चढले, दोन डबे खाली दिले आणि एकदम धाप लागली. छातीत दुखलं वगैरे नाही, पण श्वास पुरेना. सूनबाईंनी हाताला धरून खाली बसवलं. चकल्या राहिल्या बाजूला, दुसऱ्या दिवशी मुलाने गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं.

कार्डिओग्राम झाला, टूडी इको झाला. डॉक्टर शांत स्वभावाचे. म्हणाले, "पंपिंग चांगलं आहे. हृदयाचा स्नायू मात्र थोडा ताठर झालाय, ठोक्यानंतर सैल पडायला वेळ घेतोय. तुमचं बीपी दहा वर्षांचं जुनं, साखर सीमारेषेवर, वय एकोणसाठ. या वयात बऱ्याच जणींच्या इकोत हे दिसतं. घाबरू नका, पण आता दुर्लक्षही करू नका."

मी उठले नाही. मनात होतं ते विचारून टाकलं, "डॉक्टर, मी छत्तीस वर्षं एक्स-रेच्या खोलीत काढली. त्याचा याच्याशी काही संबंध?"

मला वाटलं होतं, हसून 'छे हो' म्हणतील. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बॅज लावत होतात ना? सगळा मिळून डोस किती झालाय?"

मी म्हटलं, "शेवटच्या तीस वर्षांचा सांगते. पहिल्या सहा वर्षांचा नाही सांगता येणार."

मैत्रिणींनो, हा बॅज म्हणजे काय ते आधी सांगते. एक्स-रे विभागातली माणसं छातीवर प्लॅस्टिकचा एक चपटा बिल्ला लावतात. त्याला 'टीएलडी बॅज' म्हणतात. आत एका पट्टीवर लहान लहान चकत्या असतात. अंगावर पडलेल्या किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात. तीन महिन्यांनी बिल्ला प्रयोगशाळेत जातो, चकत्या तापवतात, आणि जितके किरण पडले असतील तितका उजेड त्यातून बाहेर येतो. तो उजेड मोजला की त्या तिमाहीचा आकडा मिळतो. बिल्ला किरण अडवत मात्र नाही. अडवायचं काम शिशाच्या एप्रनचं आणि भिंतीचं. बिल्ला फक्त हिशोब ठेवतो, आपण वाण्याची वही ठेवतो तसा.

मी १९८७ मध्ये बाविसाव्या वर्षी नोकरीला लागले ते एका लहानशा खासगी दवाखान्यात. एक जुनं मशीन, मागे डार्करूम, हाताला सतत डेव्हलपरचा वास. बिल्ला नव्हता. एप्रन एकच होता, त्याला मध्ये तडा गेलेला, आणि इतका जड की पाठ दुखायची म्हणून मी तो बऱ्याचदा खुर्चीवर ठेवायची. लहान मूल रडायला लागलं, आईला ते धरून ठेवणं जमेना, की मीच आत जाऊन धरायची. 'श्वास रोखा, हलू नका' हे दुसऱ्यांना सांगताना मी स्वतः कुठे उभी आहे याचा विचारही मनात यायचा नाही. १९९० मध्ये माझा मुलगा पोटात होता तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत मी तसंच काम केलं. बिल्ल्याविषयी विचारलं तर उत्तर यायचं, "एवढ्याशा किरणांनी काय होतंय?"

१९९३ मध्ये मी दुसऱ्या रुग्णालयात गेले. तिथे पहिल्याच महिन्यात बिल्ला मिळाला, माझ्या नावाचा आणि नंबराचा. तेव्हापासूनच्या तीस वर्षांची बेरीज माझ्याकडे आहे, चौदा मिलिसिव्हर्ट. आधीच्या सहा वर्षांचा कागद कोरा.

घरी आल्यावर ती कोरी सहा वर्षं मला झोपू देईनात. माझी भाची पुण्यात भौतिकशास्त्र शिकवते. दिवाळीला आली तेव्हा तिच्यापुढे सगळं मांडलं. ती म्हणाली, "मावशी, कर्करोगाची भीती सगळ्यांना माहीत असते. तू हृदयाचं विचारतेयस, हे कमी लोक विचारतात. थांब, वाचून सांगते." मग चार दिवस चिवडा खात खात आम्हा दोघींचा अभ्यास चालला. त्यातलं मला समजलं तेवढं सांगते.

आपलं हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देतं. सुट्टी नाही, रविवार नाही. एवढ्या कामाला इंधन लागणारच. ते कुठून येतं? मला वाटायचं, साखरेतून. पण निरोगी माणसाचं हृदय आपली निम्म्याहून जास्त ऊर्जा, साधारण साठ ते सत्तर टक्के, मेदापासून म्हणजे फॅटी ॲसिडपासून मिळवतं. उरलेली साखर आणि इतर गोष्टींतून. हे इंधन जाळणाऱ्या चुली म्हणजे पेशींमधल्या तंतुकणिका, इंग्रजीत मायटोकाँड्रिया. हृदयाच्या पेशीत त्या इतक्या दाटीने असतात की पेशीची जवळजवळ एक तृतीयांश जागा त्यांनीच व्यापलेली असते. इंधन जाळून कामाला लावायच्या या सगळ्या कारभाराला चयापचय म्हणतात.

आता कोणती चूल किती पेटवायची, हे कुणीतरी ठरवायला हवं. पेशीत ते काम काही प्रथिनं करतात. त्यातल्या मेद जाळण्याच्या मुख्य प्रथिनाचं नाव पीपीएआर-अल्फा. नाव विसरलात तरी चालेल. आपण त्याला गॅसचा रेग्युलेटर म्हणू. सिलिंडर भरलेला आहे, शेगडी चकचकीत आहे, पण रेग्युलेटर नीट चालत नसेल तर आच मंदच राहणार. घरात हे आपल्याला लगेच कळतं. हृदयात वर्षानुवर्षं कळत नाही.

किरणांचा या रेग्युलेटरशी काय संबंध? त्यासाठी भाचीने मला एकदम रशियात नेलं. तिथे उरल पर्वताच्या दक्षिण भागात ओझ्योर्स्क नावाचं गाव आहे. सोव्हिएत काळात ते नकाशावरही दाखवत नसत, कारण त्याच्या शेजारी 'मायाक' हा अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करणारा कारखाना होता. तो १९४८ मध्ये सुरू झाला. सुरुवातीच्या वर्षांत बॉम्ब लवकर तयार करायची घाई होती आणि कामगारांच्या अंगावर भरपूर किरण पडले. या कामगारांत चारातली जवळजवळ एक बाई होती, हे ऐकून मी चमकले. तिथे एक गोष्ट मात्र झाली. कामगारांचे डोस मोजले गेले, त्यांच्या तब्येतीच्या नोंदी राहिल्या. म्हणून आज, इतक्या वर्षांनी, शास्त्रज्ञ त्या नोंदी उघडून पाहू शकतात. या कामगारांत ज्यांचा डोस जास्त, त्यांच्यात हृदयाला रक्त कमी पडण्याचा आजारही जास्त, असं त्या नोंदींतून दिसलं.

मग जर्मनीतल्या आणि रशियातल्या संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मायाकच्या मृत कामगारांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचे जपून ठेवलेले तुकडे तपासले. हे सगळे हृदयविकारानेच गेलेले. त्यांचे चार गट केले. एका गटाला कामातून किरण मिळालेले नव्हते, दुसऱ्याला शंभर मिलिग्रेपेक्षा कमी, तिसऱ्याला शंभर ते पाचशे, चौथ्याला पाचशेच्या वर. आणि हृदयातली प्रथिनं एकमेकांशी ताडून पाहिली.

फरक दिसला. डोस जितका मोठा, तितकी तंतुकणिकांमधली आणि स्नायूची ठेवण सांभाळणारी जास्त जास्त प्रथिनं घटलेली. पेशीतली झीज आवरणारी काही प्रथिनंही कमी झालेली. आणि आपला रेग्युलेटर, तो पीपीएआर-अल्फा, मंदावल्याची खूण डोसबरोबर वाढत गेलेली. म्हणजे किरणांनी हृदयाला एका दिवसात काही केलं नव्हतं. वर्षानुवर्षं मिळालेल्या डोसने चुलीची आच हळूहळू कमी होत गेली असावी, असा त्यांचा निष्कर्ष.

हे ऐकून माझे हात गार पडले. भाची म्हणाली, "मावशी, आता आकडे बघ. घाबरायचं तर आकडे बघून घाबर."

आणि खरंच, आकडे पाहिले की चित्र बदलतं. एक्स-रेच्या बाबतीत मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट हे साधारण सारखेच धरायला हरकत नाही. माझी तीस वर्षांची बेरीज चौदा. मायाकच्या मोठ्या गटाची पाचशेच्या वर. शिवाय जमिनीतून, हवेतून, आकाशातून प्रत्येक माणसाला दर वर्षी नैसर्गिक किरण मिळतच असतात. त्याची जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट. म्हणजे मी एक्स-रेचं तोंडही पाहिलं नसतं, तरी तेवढ्या तीस वर्षांत मला सत्तरच्या आसपास मिळालेच असते! आपल्याकडे या कामातल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला वीस मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, आणि कुठल्याही एका वर्षात तीसच्या वर जाता कामा नये. हे नियम अणुऊर्जा नियामक मंडळाचे.

मग 'एवढ्याशा किरणांनी काय होतंय' म्हणणारा तो माणूस बरोबर होता का? तसंही नाही. २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जगभरातल्या ९३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका दर एक हजार मिलिग्रेमागे साधारण अकरा टक्क्यांनी वाढतो, असा हिशोब निघाला. आणि डोस थोडा थोडा करून मिळाला म्हणून धोका संपला, असं त्यातही दिसलं नाही. भाचीने कागदावर मांडून दाखवलं. माझ्याइतका, म्हणजे चौदाचा डोस घेतलेल्या बायकांमध्ये, जिथे एरवी हजार जणींना हृदयविकार व्हायचा तिथे फार तर हजार एक किंवा हजार दोन जणींना होईल. धोका आहे, पण तो असा, मिठाच्या चिमटीएवढा.

त्याच्यासमोर माझं बीपी आणि साखर म्हणजे अख्खी बरणी! ही गोष्ट मला डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीत नीट समजावली. मधुमेहात हृदयाला साखर नीट वापरता येत नाही, ते मेदावरच जास्त विसंबून राहतं. गरजेप्रमाणे इंधन बदलण्याची त्याची लवचिकता कमी होते. म्हणजे चूल बिघडवणारी कारणं माझ्या स्वयंपाकघरात बसली होती आणि मी दोष शोधत होते एक्स-रेच्या खोलीत. "चाला," डॉक्टर म्हणाले. "चालण्याने त्याच चुली सुधारतात." आता रोज सकाळी पाऊण तास मी आणि शेजारच्या वहिनी कॅनॉलच्या रस्त्याने चालतो. लोणचं ताटातून गेलं. गोळी वेळेवर घेते. जिने चढताना धाप कमी झालीय.

पण एक खटका राहिलाच. तो चौदाचा आकडा मला तीस वर्षांचा धीर देतो. सहा वर्षांचा कोण देणार? त्या तडकलेल्या एप्रनमागे मला किती मिळाले, पाच की पन्नास, हे आता कुठलीच प्रयोगशाळा सांगू शकत नाही. मायाकच्या बायकांवर अन्याय झाला, पण निदान त्यांचा हिशोब आहे. माझ्यासारख्या गावोगावच्या किती जणींचा तोही नसेल.

हा विषय आमच्या घरात आणखी एका बाजूने आला. माझ्या चुलत जावेला डाव्या स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशननंतर किरणोपचार झाले, आज ती ठणठणीत आहे. माझं बोलणं ऐकून ती घाबरली. तिचा हिशोब वेगळा. उपचारातले किरण एक्स-रेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात, आणि डाव्या बाजूला हृदय जवळ असतं. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या अशा बायकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाला मिळालेल्या दर एक ग्रे, म्हणजे हजार मिलिग्रेमागे मोठ्या हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि तो पुढे वीस वर्षांनंतरही दिसत राहिला. म्हणून काय उपचार घ्यायचे नाहीत? मुळीच नाही! त्या उपचारांनीच तर ती आज आपल्यात आहे. पण आता ती बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल नियमाने तपासते आणि नवीन डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगते, "मला डाव्या बाजूला किरणं दिलेली आहेत." आता तर दीर्घ श्वास रोखून धरायला लावून हृदयाला किरणांच्या वाटेतून जरा बाजूला ठेवण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी वापरतात.

संक्रांत झाल्यावर मी तिळगूळ घेऊन माझ्या जुन्या विभागात गेले. माझ्या जागी एक तरतरीत मुलगी आहे, चोवीस-पंचवीस वर्षांची, नुकतंच लग्न झालेली. बोलता बोलता माझं लक्ष तिच्या छातीकडे गेलं. बिल्ला नाही. बाहेरच्या ऑफिसात, रजिस्टरांच्या कपाटाशेजारी खुंटीला लटकत होता.

"अगं, हा इथे का?"

ती जरा ओशाळली. "काकू, हरवला तर पैसे भरावे लागतात म्हणे. आणि रिपोर्ट तर दर वेळी शून्यच येतो. मग काय उपयोग?"

मला क्षणभर काय बोलावं सुचेना. खुंटीला टांगलेल्या बिल्ल्याचा रिपोर्ट शून्य येणार नाही तर काय येणार? किरण तिच्या वाट्याला, शून्य खुंटीच्या वाट्याला!

मी तिला रागावले नाही. तिच्यासमोर बसून माझ्या कोऱ्या सहा वर्षांची गोष्ट सांगितली. इकोची सांगितली. मायाकची सांगितली. म्हटलं, "बाळ, तुला काही होईल असं मी म्हणत नाही. बहुधा काहीच होणार नाही. पण साठीला आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, तर तुझ्याकडे खरं उत्तर असू दे. आणि उद्या दिवस गेले तर पहिल्या आठवड्यात इथे सांग, लाजू नकोस. पोटातल्या बाळासाठी नियम वेगळा आणि कडक असतो." तिने मुकाट्याने उठून बिल्ला काढला आणि छातीशी लावला, एप्रनच्या आत, जसा लावायला हवा तसा.

गुढीपाडव्यानंतर एका दुपारी फोनवर तिचा मेसेज आला. तिमाही रिपोर्टचा फोटो. तिच्या नावापुढे ०.१५. खाली लिहिलं होतं, "काकू, पहिल्यांदाच शून्य आलं नाही. भीती वाटतेय."

मी लगेच फोन केला. म्हटलं, "घाबरू नकोस. हा आकडा लहान आहे, आणि मुख्य म्हणजे तुझा आहे. खुंटीच्या शून्यापेक्षा तो कितीतरी बरा. वहीत लिहून ठेव."

ती हसली. "लिहिला, काकू. पहिल्याच पानावर."

हे लक्षात असू द्या

• डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे भीतीपोटी टाळू नका. एका साध्या छातीच्या एक्स-रेचा डोस फारच कमी असतो. सीटी स्कॅनचा त्याहून बराच जास्त. जुने फोटो आणि स्कॅन जपून ठेवा, म्हणजे विनाकारण पुन्हा काढावे लागणार नाहीत. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतात.

• गरोदर असाल किंवा शंका असेल, तर खोलीत शिरण्याआधी सांगा.

• लहान मुलाला धरायची वेळ आली, तर घरातल्या गरोदर नसलेल्या मोठ्या माणसाने एप्रन घालून धरावं. रोज तिथे काम करणाऱ्या ताईने धरू नये.

• एक्स-रे विभागात काम करणाऱ्या मैत्रिणींनो, अंतर दुप्पट केलंत की किरण चौपटीने कमी होतात. भिंतीमागे उभ्या राहा. बिल्ला छातीवर, एप्रनच्या आत लावा. नोकरी बदलली तरी तुमचा बिल्ल्याचा नंबर तोच ठेवायला सांगा. देशभरातल्या या नोंदी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ठेवल्या जातात.

• छातीला किरणोपचार झाले असतील तर ते प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगा. बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल नियमाने तपासा. आणि चालणं? ते तर आपल्या सगळ्यांसाठीच!